नाण्याएवढी डायल, मोजकेच रंग

खिशातले दहा रुपयांचे नाणे काढून टेबलावर ठेवा. त्याचा व्यास २७ मिलिमीटर. हौशी मंडळी हल्ली ज्या जपानी ऑटोमॅटिक मशीनवर सर्रास घड्याळे जुळवतात, त्या एनएच ३५ वर बसणारी डायल २८.५ मिलिमीटरची असते. तिची कड केसच्या आतल्या कड्याखाली जाते, म्हणजे दिसणारी जागा जवळजवळ नाण्याएवढीच. तेवढ्या जागेत बारा खुणा, साठ रेघा, तीन काटे, एक नाव आणि बहुतेक वेळा तारखेची खिडकी बसवायची असते. ३४ ते ३६ मिलिमीटरच्या मेकॅनिकल घड्याळासाठी रंग निवडायला बसलात, की हे नाणे समोरून हलवू नका.

एवढ्या आग्रहाने सांगतो, कारण रंगांचे जे नियम आपण शिकलो ते मोठ्या जागेचे आहेत. इंटरमिजिएट ड्रॉइंगच्या परीक्षेला संकल्पचित्र रंगवताना रंगचक्र तोंडपाठ असायचे. लालसमोर हिरवा, निळ्यासमोर नारिंगी, पिवळ्यासमोर जांभळा; समोरासमोरचे रंग एकमेकांना उठाव देतात. यात खोटे काही नाही. राणी रंगाच्या पैठणीला हिरवा काठ का शोभतो, ते यातूनच कळते. पण पैठणीचा काठ चांगला चार बोटे रुंद असतो आणि डायलवरची मिनिटाची रेघ पाव मिलिमीटरची. रंग बारीक होत गेला की त्याचे वागणे बदलते.

कसे बदलते ते साडीतच बघायला मिळते. धूपछाव विणीत उभे धागे एका रंगाचे आणि आडवे दुसऱ्या रंगाचे असतात. हातभर अंतरावरून त्यातला एकही धागा वेगळा दिसत नाही. दोन्ही मिळून डोळ्यात तिसराच रंग तयार होतो. बारीक नक्षीत शेजारचे रंग एकमेकांना उठाव देण्याऐवजी एकमेकांकडे झुकतात, हे जर्मन शास्त्रज्ञ विल्हेल्म फॉन बेझोल्ड यांनी १८७४ मध्ये लिहून ठेवले आहे. लाल डायलवर बारीक हिरव्या रेघा काढल्या तर रंगचक्राप्रमाणे त्या उठून दिसायला हव्यात. प्रत्यक्षात कडेला तपकिरी धुरकट वर्तुळ दिसते आणि मिनिटे मोजता येत नाहीत.

दुसरी गोष्ट डोळ्याची. रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात. त्यातल्या निळ्या प्रकाशाला जागणाऱ्या पेशी मुळातच थोड्या, आणि नजर एखाद्या बिंदूवर रोखली की डोळ्याच्या पडद्याचा जो नेमका मध्य कामाला लागतो, तिथे तर त्या नसतातच. फूटभर अंतरावरून घड्याळ बघताना हा मध्य डायलवर सुमारे पावणेदोन मिलिमीटर जागा व्यापतो. नाजूक घड्याळाचा काटा त्याहून अरुंद असतो. म्हणजे काट्यावर नजर रोखली की गडद निळा आणि काळा, किंवा फिका पिवळा आणि पांढरा, यांतला फरक डोळ्याला जवळपास कळतच नाही.

हे कळायला मला एक आख्खी डायल वाया घालवावी लागली. मी आखलेली ती पहिलीच डायल. काळी जमीन, गडद निळे काटे, निळ्याच मिनिटाच्या रेघा. संगणकाच्या पडद्यावर ती जेवणाच्या ताटाएवढी दिसत होती आणि त्या आकारात काळ्यावरचा निळा फार देखणा वाटत होता. डायल छापून आली, घड्याळ जुळवले, मनगटावर बांधले. दादरच्या फलाटावर उभा राहून वेळ बघायला गेलो, तर काचेखाली नुसती काळी चकती. मनगट इकडून तिकडे फिरवून काट्यावर उजेड पकडावा, तेव्हा कुठे सव्वानऊ झालेले कळायचे. चार महिने तसेच वापरले आणि मग काटे उतरवून पांढरे बसवले.

तेव्हापासून माझा क्रम ठरला आहे. आधी उजेड-अंधार, मग रंग. अल्बर्ट मन्सेल या अमेरिकन चित्रकार-शिक्षकाने १९०५ मध्ये रंगाचे तीन गुण वेगळे मांडले: रंग कोणता, तो किती उजळ आणि किती भडक. घड्याळापुरते बोलायचे तर त्यातला मधला, म्हणजे उजळपणा, हा मालक आणि बाकीचे दोघे भाडेकरू. काटा आणि डायल यांच्या उजळपणात भरपूर अंतर असेल, तर रंग कोणताही घ्या, वेळ दिसेल. अंतर नसेल, तर रंगचक्रातली कितीही सुरेख जोडी निवडा, उपयोग नाही.

याची परीक्षा मोबाइलवर होते. रंगवलेल्या कागदाचा फोटो काढा आणि त्यातला रंग काढून तो कृष्णधवल करा. लाल जमिनीवरचा हिरवा काटा बऱ्याचदा तिथे पूर्ण नाहीसा होतो, कारण दोघांची राख एकाच रंगाची निघते. लाल-हिरव्यातला फरक ज्यांना नीट कळत नाही, त्यांना घड्याळ साधारण याच अडचणीत टाकते, आणि अशा पुरुषांचे प्रमाण तुम्हाला वाटते त्याहून जास्त आहे. एचएमटीचे चावीचे ‘पायलट’ आठवा. काळी डायल, पांढरे आकडे. कृष्णधवल फोटोत ते जसेच्या तसे राहते. ते घड्याळ आजही जुन्या बाजारात शोधले जाते, यात त्या सुवाच्यतेचा वाटा मोठा आहे असे मी मानतो.

आता निळ्या काट्यांबद्दल थोडे सविस्तर सांगायला हवे, कारण सगळ्यांना तेच हवे असतात.

खरे निळे काटे रंगवलेले नसतात, भाजलेले असतात. आमच्या भागातल्या एका वयस्कर घड्याळजींकडे मी ते जवळून पाहिले. पितळेच्या छोट्या तव्यात पितळेचाच बारीक चुरा पसरलेला, खाली स्पिरिटचा दिवा. चुऱ्यामुळे आच सगळीकडे सारखी लागते. पॉलिश केलेला पोलादी काटा आधी स्पिरिटने पुसून घेतला, कारण बोटाचा तेलकट ठसा राहिला तर तिथे डाग उमटतो. काटा चुऱ्यावर ठेवला आणि काही क्षण काहीच झाले नाही. मग २२०-२३० अंशांच्या आसपास त्यावर वाळलेल्या गवताची पिवळसर झाक आली. ती गडद होत तपकिरी झाली, २७५-२८० अंशांवर जांभळी, आणि २९०-३०० अंशांवर एकदम तो निळा फुटला. त्याच क्षणी त्यांनी चिमट्याने काटा उचलला. आणखी थोडा वेळ ठेवला असता, तर निळा फिका पडून राखाडी झाला असता आणि पुन्हा पॉलिशपासून सुरुवात करावी लागली असती. सेकंदकाट्याचे टोक बारीक असल्यामुळे ते बुडाच्या आधी तापते, म्हणून तिथे जास्त जपावे लागते.

हा रंग म्हणजे पोलादावर चढलेला ऑक्साइडचा अतिशय पातळ थर. पाण्यावर सांडलेल्या तेलाच्या तवंगावर रंग दिसतात, तोच प्रकार. त्यामुळे तो कोनाप्रमाणे बदलतो. सरळ बघितले तर जवळजवळ काळा आणि मनगट हलले की लख्ख निळा. पांढऱ्या किंवा चांदीच्या डायलवर हे दोन्ही फायद्याचे आहे: काळा दिसतो तेव्हा वेळ स्पष्ट कळते, निळा दिसतो तेव्हा डोळा सुखावतो. जर्मनीतल्या ग्लासह्यूटे गावच्या नोमोस कंपनीचे ‘टँजेंट’ १९९२ पासून याच जोडीवर उभे आहे. ३५ मिलिमीटरचे घड्याळ, चांदीसारखी पांढरी डायल, भाजून निळे केलेले सडपातळ काटे. तेच काटे काळ्या डायलवर माझ्यासारखे बसवलेत, तर ते दिसेनासे होतात. स्वस्त घड्याळांत काटे निळ्या रंगाने रंगवलेले असतात आणि कोणत्याही कोनातून एकसारखे निळे दिसतात. ते वाईट नाहीत, पण त्यांच्याकडून तो काळा-निळा खेळ मिळत नाही. विकत घेताना मनगट हलवून बघा.

रंग किती आणि कुठे, हा पुढचा प्रश्न. माझे उत्तर सरळ आहे. ३६ मिलिमीटरपर्यंतच्या घड्याळात एक जमिनीचा रंग, एक धातू आणि फार तर एक ठिपका. बाकी जे काही असेल ते काळे, पांढरे किंवा राखाडी. युंगहान्ससाठी माक्स बिल यांनी १९६१ मध्ये मनगटी घड्याळे आखली, त्यातले चावीचे आजही ३४ मिलिमीटरचे मिळते. बिल डेसाऊच्या बाऊहाऊसमध्ये शिकले होते, पुढे चित्रे काढली ती भडक शुद्ध रंगांची. रंग त्यांना चांगला कळत होता. तरीही घड्याळावर त्यांनी फिक्या जमिनीवर काळ्या बारीक रेघांखेरीज फारसे काही ठेवले नाही.

याचा अर्थ भडक रंग वर्ज्य आहे असा नाही. रोलेक्सने २०२० मध्ये ऑइस्टर पर्पेच्युअलच्या ३६ मिलिमीटरच्या घड्याळात पिवळी, पोवळी लाल, फिरोजी अशा लॅकरच्या डायल आणल्या. रंग चांगलाच ठळक, पण तो एकच, सपाट आणि कडेपासून कडेपर्यंत. काटे आणि खुणा धातूच्या, बाकी रंग नाही. हाच धडा घ्यायचा. भडक रंगाला सगळी जमीन द्या किंवा एक ठिपका द्या. अर्धी जमीन दिलीत, आत एका रंगाचे वर्तुळ आणि बाहेर दुसऱ्या रंगाचे कडे केलेत, तर छोटी डायल आणखी छोटी दिसते. आकारावरून आठवले: फिकी डायल आणि बारीक कड असेल तर ३४ चे घड्याळ ३६ चे वाटते, काळी डायल आणि चकचकीत जाड कड असेल तर ते ३२ चे वाटते. ज्यांचे मनगट बारीक आहे त्यांना दुसरी जोडी शोभून दिसते.

ठिपका कुठे द्यायचा? बहुतेक जण सेकंदकाटा लाल करतात. चांगला पर्याय आहे, पण त्याची संध्याकाळ बघून घ्या. झेक शास्त्रज्ञ पुर्किन्ये यांना दोनशे वर्षांपूर्वी पहाटेच्या अंधुक उजेडात बागेतली लाल फुले काळपट आणि पाने मात्र उजळ दिसली. दिवसा उलटे असायचे. उजेड कमी झाला की आपला डोळा लालपासून दूर, निळसर हिरव्याकडे सरकतो. त्यामुळे काळ्या डायलवरचा लाल काटा दिवेलागणीला सर्वांत आधी बुडतो. पांढऱ्या डायलवरचा लाल काटा उलट अधिक गडद होतो आणि वाचायला सोपा जातो. म्हणून लाल ठिपका फिक्या जमिनीवर ठेवा. काळ्या जमिनीवर ठेवायचाच असेल तर केशरीकडे झुकलेला घ्या, म्हणजे त्याच्या उजळपणावर काटा तरून जाईल. आणि ठिपका म्हणजे ठिपकाच. सेकंदकाटा, बाराची खूण आणि नावाचे अक्षर असे तीन ठिकाणी लाल वाटून दिले, की नजर तिघांमध्ये हेलपाटे घालते.

पांढऱ्याकडे कुणी रंग म्हणून बघत नाही आणि तिथेच घोटाळा होतो. एका डायलवर चार पांढरे एकत्र येतात. जमीन मोतिया, छापलेली अक्षरे चुन्यासारखी पांढरी, तारखेची चकती किंचित निळसर, आणि काट्यांतला चमकणारा लेप हिरवट. एकटे असताना यातला प्रत्येक पांढराच वाटतो, शेजारी आले की एक मळका दिसू लागतो. अंधारात चमकणारा लेप विकत घेताना त्याचा दिवसाचा रंग विचारा. पूर्वी रेडियम आणि नंतर ट्रिटियम वापरायचे. १९९३ मध्ये जपानच्या नेमोटो कंपनीने किरणोत्सर्ग नसलेला लेप आणला आणि आज तोच सर्वत्र आहे. त्यातला सी३ हा प्रकार रात्री सर्वांत तेजस्वी चमकतो, पण दिवसा पिवळट हिरवा दिसतो. शुभ्र डायलवर तो डागासारखा वाटतो, काळ्या किंवा शेवाळी डायलवर छान जातो. बीजीडब्ल्यू९ दिवसा पांढरा असतो आणि रात्री निळसर चमकतो. शुभ्र, राखाडी, निळ्या डायलना हा घ्या. जुने दिसावे म्हणून सायीच्या रंगाचा लेप लावायची पद्धत सध्या फार आहे. तो लावायचा तर अक्षरेही त्याच सायीच्या रंगात छापून घ्या, नाहीतर घड्याळ दोन वेगवेगळ्या दशकांतले भाग जोडल्यासारखे दिसते.

तारखेच्या खिडकीबद्दल माझे मत ठाम आहे. गडद डायलमध्ये पांढऱ्या चकतीची चौकट म्हणजे डायलवरची सर्वांत उजळ जागा, आणि ती वेळेसाठी नसून तारखेसाठी आहे! नजर तिथेच अडकते. गडद डायलला काळी चकती घाला, बाजारात मिळते. तेही जमत नसेल तर तारीख नसलेले मशीन निवडा.

धातूचा विचार करताना पुन्हा ते नाणे बघा. पिवळसर कडे आणि पांढरट मध्य. शेजारी शेजारी असल्यामुळे कडे अधिक पिवळे आणि मध्य अधिक निळसर वाटतो. घड्याळाची केस हे तुमचे कडे आहे. पोलाद थंड राखाडी, त्याच्या आत उबदार डायल घातली की दोघांनाही धार येते. जगभर ज्या डायलला मासळीवरून नाव पडले आहे आणि जिला मी अबोली म्हणतो, ती पोलादी केसमध्ये एवढी का खुलते, याचे कारण हेच. तीच अबोली गुलाबी सोन्याच्या मुलाम्यात घातली की सगळेच एका रंगात विरघळते. सोनेरी केसला बाटलीचा हिरवा, गडद अंजिरी किंवा काळा द्या. सोनेरी केस आणि शुभ्र पांढरी डायल ही जोडी मला कधीच पटलेली नाही. पांढरा निळसर पडतो आणि सोने पितळेसारखे वाटते. त्याऐवजी मोतिया घ्या.

पट्टा शेवटी ठरवायची पद्धत आहे आणि ती चुकीची आहे. हिशेब करून बघा. १८ मिलिमीटर रुंदीचा पट्टा, वरून दोन्ही बाजूंना साधारण तीस-तीस मिलिमीटर दिसणारा. हे क्षेत्रफळ डायलच्या जवळजवळ दुप्पट भरते. म्हणजे घड्याळाचा सर्वांत मोठा रंग पट्ट्याचा, आणि त्याच्याही भोवती त्वचेचा. आपल्याकडची बहुतेक मनगटे गव्हाळ ते सावळी, म्हणजे उबदार तपकिरी. हा रंग डायलवर काय परिणाम करतो, ते समजायला एक जुनी हकीकत उपयोगी पडते. पॅरिसच्या गोबलाँ या राजेशाही विणकामशाळेत मिशेल शेव्हरल हे रंगाईचे प्रमुख होते. काळा धागा फिका येतो अशी तक्रार त्यांच्याकडे आली. त्यांनी तपासले तर रंगात काही खोट नव्हती. काळ्याशेजारी विणलेले निळे-जांभळे धागे त्याचा दम काढून घेत होते. या शोधावर त्यांनी १८३९ मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. प्रत्येक रंग शेजाऱ्याला आपल्या विरुद्ध दिशेला ढकलतो. गव्हाळ मनगटावर आणि तपकिरी चामडी पट्ट्यावर साधी राखाडी डायल म्हणूनच निळसर दिसते. हे बऱ्याचदा चांगलेच दिसते, पण तुम्हाला निखळ राखाडी हवी असेल तर रंगात किंचित उबदारपणा मिसळायला हवा. दुकानाच्या पांढऱ्या उशीवर पसंत केलेला राखाडी घरी आल्यावर बदलल्यासारखा वाटतो, तो यामुळे. नमुने नेहमी स्वतःच्या मनगटावर ठेवून निवडा.

पोत आणि काच यांनी रंग किती बदलतो, हे पावसाळ्यात जांभ्याच्या भिंतीकडे बघून कळते. कोरडा जांभा फिका विटकरी, भिजला की गडद लालभडक. डायलवर लॅकरचा पारदर्शक थर चढला की हेच होते. मॅट कागदावर पसंत केलेला रंग लॅकरखाली एक पायरी गडद येणार हे गृहीत धरून नमुना एक पायरी उजळ द्या. सूर्यकिरणांसारखे ब्रश फिरवलेल्या डायलवर एकाच वेळी एक भाग उजळ आणि एक अंधारा असतो. धूपछाव साडीसारखे फार सुंदर दिसते, पण काटा त्या दोन्ही भागांवर दिसला पाहिजे. त्यामुळे अशा डायलला मधल्या उजळपणाचे काटे नकोत. सफायर काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून सात-आठ टक्के प्रकाश परत फिरतो, अ‍ॅक्रिलिकच्या पृष्ठावरून त्याच्या निम्माच. गडद डायलवर हा परत फिरलेला उजेड पांढरट पडद्यासारखा पसरतो. त्यावर उपाय म्हणून काचेला दिलेल्या लेपाची निळी-जांभळी झाक येते आणि मोतिया डायलची ऊब थोडी कमी होते. तुमच्या घड्याळात जी काच बसणार आहे तीच नमुन्यावर ठेवून बघा.

यंत्र दाखवणारे, मागून किंवा पुढून उघडे घड्याळ करणार असाल, तर तुमच्या रंगांआधीच तिथे रंग आहेत: माणकांचा गुलाबी लाल, स्क्रूंचा निळा, चाकांचा सोनेरी. तिथे आणखी एकही घालू नका.

आणि आता एक बोलायला अवघड विषय. जुन्या एचएमटी आणि स्विस घड्याळांच्या डायल पुन्हा रंगवून विकण्याचा आपल्याकडे मोठा व्यवसाय आहे. परदेशातले संग्राहक त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात आणि हे कौतुकाने म्हणत नाहीत. अर्धी डायल हिरवी, अर्धी केशरी, वर निळे कडे, सोनेरी काटे. या कारागिरांचा हात कसलेला असतो, रंगही ताजे असतात. बिघडते ते वाटपात. दहाच्या नाण्यावर चार भडक रंग, चौघांचा उजळपणा जवळपास सारखा, म्हणून कृष्णधवल फोटोत सगळी डायल एकच राखाडी आणि तिच्यावर बुडालेले काटे. त्याच कारागिराकडे जाऊन तुम्ही ‘एकच रंग, सपाट, काटे पांढरे’ असे सांगितलेत, तर तो तुम्हाला अस्मानी किंवा डाळिंबी डायल अशी काढून देईल की बघत राहावे. मूळ शाबूत डायल मात्र कृपा करून खरवडू नका. वय झालेला मूळ रंग पुन्हा मिळत नाही. आधीच खराब झालेली डायल शोधा.

काम प्रत्यक्ष कसे करायचे? पडद्यावर आखा, पण पडद्यावर ठरवू नका. आखणी छापताना ती खऱ्या मापात, २८.५ मिलिमीटरवर छापा. जाड कागदाच्या आठ-दहा चकत्या कापा. जमिनीचा रंग पोस्टर कलरने हाताने लावा, कारण प्रिंटरची शाई रंगाला पडद्यासारखीच फसवते. काटे पातळ कागदाचे, खऱ्या रुंदीचे कापून दहा वाजून दहा मिनिटांवर चिकटवा. आणखी एका चकतीवर ते साडेसहावर चिकटवा, म्हणजे दोन काटे एकमेकांजवळ आल्यावर काय दिसते ते कळेल. या चकत्यांचे कृष्णधवल फोटो काढा. निम्म्या तिथेच बाद होतील.

उरलेल्या चकत्या तीन उजेडांत बघा: दुपारच्या उन्हात, घरच्या एलईडीखाली आणि दिवे लावायच्या आधीच्या वेळी. उन्हात जुळलेले दोन रंग एलईडीखाली फाटलेले दिसू शकतात, कारण दिव्यांच्या प्रकाशातले घटक उन्हासारखे नसतात. रंग ठरला की कारागिराला त्याचे नाव सांगू नका. ‘मोरपिशी’ म्हटले की त्याच्या डोळ्यासमोर त्याचा मोरपिशी असतो आणि तुमच्या डोळ्यासमोर तुमचा. रंगवलेला तुकडा हातात द्या, किंवा पँटोनच्या पट्टीतला क्रमांक द्या. डायलवरची छपाई मऊ सिलिकॉनच्या गोळ्याने एका वेळी एकाच रंगाची होते. प्रत्येक वाढीव रंगाला नवी प्लेट, नवा हात आणि सरकण्याची नवी शक्यता. पाव मिलिमीटरच्या रेघेला अर्ध्या केसाचे सरकणेही दिसते. रंग कमी ठेवण्याचा हा आणखी एक फायदा, आणि खर्चही वाचतो.

शेवटी जी चकती उरेल ती जुन्या बंद घड्याळाच्या काचेखाली बसवा, ठरवलेल्याच रंगाचा पट्टा लावा आणि आठ दिवस हातावर बांधून कामाला जा. लोकलमध्ये, स्वयंपाकघरात, स्कूटरवर, रात्री उशाशी ती कशी दिसते ते लिहून ठेवा. आठव्या दिवशीही तीच आवडत असेल, तर डायल छापायला द्या.